समाजशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण : मुंबई घराणे आणि पुढे

समाजशास्त्रात एम. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यासाचे बहुतेक विषय वर्गात येण्याआधीच ठाऊक असतात. कुटुंब म्हणजे काय, लग्ने कशी जुळतात, गावात कोणाच्या शब्दाला वजन असते, जात कुठे विचारतात आणि कुठे न विचारता ओळखतात, हे सगळे त्याला घरात, आळीत आणि शाळेत शिकवून झालेले असते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला बेंझीनविषयी आजीने काही सांगितलेले नसते. जातीविषयी मात्र प्रत्येकाच्या आजीने काही ना काही सांगितलेले असते. म्हणून या विषयाचा पदव्युत्तर अभ्यास काहीसा उलट्या दिशेने चालतो. बी. ए.पर्यंत व्याख्या पाठ करून पेपर निघतो. एम. ए.ला ती व्याख्या कोणी केली, कोणत्या पुराव्यावर केली, पुढे कोणी खोडली आणि आजच्या एखाद्या घराला, गावाला किंवा कारखान्याला ती लावून पाहिली तर कुठे अडते, हे विचारले जाते.

हे काम कसे करावे याचा एक उत्तम नमुना विद्यार्थ्यानेच लिहिलेला आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये भीमराव आंबेडकर यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. त्यांचे वय तेव्हा पंचवीस होते आणि एम. ए.ची पदवी आदल्या वर्षी मिळालेली होती. निबंधाच्या सुरुवातीला ते सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या समोर ठेवतात आणि एकेक तपासतात. विटाळाची कल्पना जातीच्या मुळाशी आहे म्हणावे, तर विटाळ पुरोहितांच्या कर्मकांडातून येतो, तो जातीचाच असा खास गुण नव्हे. रोटीबंदी हे कारण म्हणावे, तर ती जात बंदिस्त झाल्याचा परिणाम आहे. केतकर सर्वांत जवळ येतात; पण जन्माने मिळणारे सभासदत्व आणि जातीबाहेर लग्नास मनाई ही त्यांनी सांगितलेली दोन लक्षणे वस्तुतः एकच आहेत. एवढी झाडाझडती झाल्यावर उरते ती बेटीबंदी.

इथपर्यंत हा पूर्वसाहित्याचा आढावा झाला, आणि पुष्कळ प्रबंध इथेच दमतात. आंबेडकर पुढचा प्रश्न घालतात. एखाद्या गटाने बाहेर लग्न करायचे नाही असे ठरवले, तर गटातली लग्नाची स्त्री-पुरुष संख्या जुळती राहिली पाहिजे. नवरा आधी मेला तर स्त्री ‘जादा’ ठरते, बायको आधी मेली तर पुरुष. ही जादा माणसे जातीची कुंपणे मोडू शकतात. सती आणि सक्तीचे वैधव्य ही जादा स्त्रीची विल्हेवाट, तर लग्नाच्या वयात न आलेली मुलगी विधुराला देणे ही जादा पुरुषाची सोय, अशी मांडणी ते करतात. धर्माचार म्हणून मिरवल्या जाणाऱ्या रूढींमागची यंत्रणा दाखवायची आणि मग ती वरच्या गटाकडून खालच्या गटांकडे अनुकरणाने कशी पसरली ते सांगायचे, हा या निबंधाचा गाभा. १९१७ साली तो ‘इंडियन अँटिक्वरी’मध्ये छापून आला. ज्यांची व्याख्या त्यांनी दुरुस्त केली ते केतकर, म्हणजे पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे कर्ते, यांनीही अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात, जातिसंस्थेवर संशोधन केले होते. त्यांचे पुस्तक १९०९चे. दोघांचा विषय घरचा आणि दोघांची विद्यापीठे सातासमुद्रापलीकडची, कारण हा विषय स्वतंत्रपणे शिकवणारा विभाग तेव्हा इथे नव्हताच.

तो मुंबई विद्यापीठात १९१९ साली सुरू झाला. भारतातला समाजशास्त्राचा पहिला विभाग म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे. मूळचे जीवशास्त्रज्ञ आणि नंतर नगररचनाकार. त्यांचे शहरांविषयीचे प्रदर्शन १९१४ साली जहाजाने भारतात येत असताना ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवले, तरी नव्याने साहित्य जमवून त्यांनी प्रदर्शन भरवले, असा हा चिवट माणूस. स्थळ, काम आणि लोक या तिघांचा एकमेकांशी असलेला संबंध पाहिल्याशिवाय शहर कळत नाही, हे त्यांचे सूत्र होते. इंदूरसह अनेक भारतीय शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले. विभागाची शिस्त घालून देणे हा मात्र त्यांचा पिंड नव्हता. ती घातली त्यांच्या निवडीच्या एका विद्यार्थ्याने.

गोविंद सदाशिव घुर्ये हे मालवणचे, जन्म १८९३चा, शिक्षण संस्कृतचे. गेडिस यांच्यासाठी मुंबई शहरावर लिहिलेल्या निबंधामुळे त्यांना परदेशी जाण्याची संधी मिळाली. लंडनला हॉबहाऊस यांच्याकडे थोडा काळ काढून ते केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे गेले. रिव्हर्स १९२२ साली अचानक वारले आणि घुर्ये यांनी पुढे हॅडन यांच्या देखरेखीखाली डॉक्टरेट पुरी केली. १९२४ साली ते मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले आणि १९५९पर्यंत, म्हणजे ३५ वर्षे, त्या जागेवर राहिले. १९३२ साली आलेल्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या त्यांच्या पुस्तकात जातिव्यवस्थेची जी सहा लक्षणे सांगितली आहेत, ती आजही देशभरच्या प्रश्नपत्रिकांत येतात : समाजाचे खंड पडणे, उतरंड, खाण्यापिण्याचे आणि व्यवहाराचे निर्बंध, हक्कांतील विषमता, व्यवसाय निवडण्यावरची बंधने आणि विवाहाची बंदिस्ती.

गाण्यात जसे घराणे असते तसे समाजशास्त्रात मुंबईचे एक घराणे झाले ते घुर्ये यांच्या गाईडगिरीमुळे. त्यांच्या हाताखाली सुमारे ८० प्रबंध झाले असे सांगतात. त्या काळी मुंबईत पेपर न देता प्रबंध लिहून एम. ए. करता येई, आणि विद्यार्थ्याला विषय बहुधा सरच देत. विषय साधारणतः विद्यार्थ्याच्या स्वतःच्या प्रदेशातला किंवा समाजातला असे. म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास यांना म्हैसूरच्या जातींमधील विवाह आणि कुटुंब हा विषय मिळाला. १९४२ साली त्याचे पुस्तक झाले. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान शिकून आलेल्या इरावती कर्वे यांनी १९२८ साली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला, आणि त्या स्वतः लग्नाने आणि माहेरानेही त्याच जातीच्या होत्या. भारतातला विषय भारतीयाने, तोही आतून, लिहायचा ही सवय इथे लागली. वसाहतीच्या काळात जातींवर लिहिण्याचे काम गॅझेटियरवाल्या आणि जनगणनेच्या अधिकाऱ्यांकडे होते, हे लक्षात घेतले तर या सवयीचे मोल कळते. तिचा तोटाही तेवढाच खरा. आतून पाहणाऱ्याला जे दिसत नाही ते त्याच्या प्रबंधातही दिसत नाही.

घुर्ये स्वतः ग्रंथांत रमणारे. वेद, स्मृती, पुराणे आणि शिलालेख यांतून आजच्या संस्थांचे मूळ शोधणे त्यांना आवडे. म्हणून ते खुर्चीत बसून समाजशास्त्र करणारे, असा शिक्का त्यांच्यावर बसला. तो पूर्ण खरा नाही. पुण्याजवळच्या लोणीकंद गावाचे वर्णन थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने १८२०च्या सुमारास केलेले होते. सव्वाशे वर्षांनी तेच गाव पुन्हा पाहून काय बदलले याचा हिशेब घुर्ये यांनी मांडला आणि १९६० साली पुस्तकरूपाने छापला. विद्यार्थ्यांवर त्यांनी आपली मते लादली नाहीत, याचा पुरावा म्हणजे ए. आर. देसाई. संस्कृत ग्रंथांत बुडालेल्या गाईडच्या हाताखाली या मार्क्सवाद्याने भारतीय राष्ट्रवादाची सामाजिक पार्श्वभूमी हा प्रबंध १९४६ साली पुरा केला. १९४८ साली निघालेले ते पुस्तक पुढे कित्येक आवृत्त्या चालले.

घराण्यातून फुटून निघालेला सूर श्रीनिवास यांचा. कूर्ग लोकांवरचा मोठा प्रबंध मुंबईत सादर करून १९४५ साली ते ऑक्सफर्डला गेले. तिथे रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी त्यांना तीच सामग्री वेगळ्या नजरेने पुन्हा मांडायला लावली : ही रूढी कुठून आली हे बाजूला ठेवायचे, ती आज समाजात कोणते काम करते ते पाहायचे. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकातून ‘संस्कृतीकरण’ ही कल्पना रूढ झाली. खालची मानली गेलेली जात वरच्या जातीचे आचार उचलते, मांस-मद्य सोडते, विधी बदलते आणि एक-दोन पिढ्यांत वरचे स्थान मागू लागते, ही ती प्रक्रिया. ग्रंथांतून दिसणारा समाज आणि शेतातून दिसणारा समाज वेगळा असतो, हे श्रीनिवास पुढे आयुष्यभर सांगत राहिले. ग्रंथांत वर्ण चार आणि जागच्या जागी. गावात जाती पुष्कळ आणि त्यांच्या पायऱ्यांवरून सतत वाद.

क्षेत्रकार्य म्हणजे नेमके काय, हे त्यांच्या म्हैसूरजवळच्या रामपुरा गावातल्या मुक्कामावरून समजते. रामपुरा हे पुस्तकात ठेवलेले नाव. १९४८ साली ते तिथे जाऊन राहिले, तेही पाटलाच्या बैल बांधायच्या घरात. ते गावाकडे पाहत होते तसे गावही त्यांच्याकडे पाहत होते. ब्राह्मण असून हा माणूस आंघोळ झाल्यावर दाढी कशी करतो, हे गावकऱ्यांना खटकले. दाढीचा विटाळ आंघोळीने जायचा, मग क्रम असा उलटा कसा? म्हैसूर आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या माणसाच्या सकाळच्या सवयीत गावकऱ्यांनी शुद्धाशुद्धतेचा नियम वाचला, आणि संशोधकाला तो नियम कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा स्पष्ट कळला. पुढे १९७० साली श्रीनिवास अमेरिकेत स्टॅनफर्डला पुस्तक लिहायला बसले असताना तिथे लावलेल्या आगीत त्यांच्या संस्कारित टिपणांच्या सगळ्या प्रती जळाल्या. मूळ नोंदी दिल्लीत शाबूत होत्या, पण अनेक वर्षांची मेहनत गेली. सहकाऱ्यांच्या आग्रहाने त्यांनी आठवणीतून लिहायला घेतले आणि १९७६ साली ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ आले. एम. ए.च्या संशोधन पद्धतीच्या तासाला हे पुस्तक हमखास निघते. टिपणांची दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवावी, हा त्यातला सर्वांत साधा धडा.

मुंबईनंतर केंद्रे वाढत गेली. लखनौला १९२१ साली राधाकमल मुखर्जी यांच्याकडे अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र यांचा एकत्र विभाग होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९३९पासून इरावती कर्वे होत्या. श्रीनिवास यांनी १९५१ साली बडोद्याला आणि १९५९ साली दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये विभाग उभा केला, तर जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९७१ साली समाजव्यवस्थांच्या अभ्यासाचे केंद्र निघाले. विषयाचे वजन त्या दशकांत दिल्लीकडे सरकले, हे मुंबईकरांना आवडो न आवडो.

पदव्युत्तर अभ्यासात पद्धत म्हणून जे शिकवतात त्याची कसोटी कुटुंबाच्या प्रश्नावर चांगली लागते. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न असतो : कुटुंबात माणसे किती? विद्यार्थी साताऱ्याकडच्या एखाद्या गावात हा प्रश्न घेऊन जातो. थोरला भाऊ शेती पाहतो, मधला मुंबईत नोकरीला, धाकटा त्याच वाड्यात भिंत घालून वेगळा. चुली दोन, मुंबईची धरली तर तीन. रेशनकार्डे दोन. सातबारा एकच, त्यावर तिघांची नावे. कुलदैवत एक, गावच्या जत्रेला तिघांचा नैवेद्य एकत्र. भाऊबंदांत कोणी गेले तर सुतक तिघांनाही. मधल्याने पाठवलेल्या पैशावर थोरल्याच्या मुलीचे लग्न झालेले. आता हे कुटुंब एक की तीन?

इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाची व्याख्या करताना एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक पूजाअर्चा आणि रक्ताचे नाते अशा सगळ्या गोष्टी एकत्र धरल्या होत्या. या व्याख्येने वरचे घर फुटलेले ठरते. पण घुर्ये यांच्याच तालमीतले आय. पी. देसाई सौराष्ट्रातल्या महुवा गावी गेले आणि त्यांनी प्रश्न बदलला. कोण कुठे राहतो याऐवजी कोण कोणाला बांधील आहे, हे त्यांनी विचारले; १९६४ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात दिसते ते असे की वेगळी राहणारी पुष्कळ घरे पैशाने, मालमत्तेने आणि जबाबदाऱ्यांनी एकत्रच असतात. ए. एम. शहा यांनी पुढे एकाच चुलीचे घर आणि कुटुंब या दोन गोष्टी अभ्यासात वेगळ्या ठेवल्या. ‘शहरीकरणाने एकत्र कुटुंब मोडले’ हे वाक्य भाषणांत आणि गाईडांत अजून सर्रास चालते. एम. ए. झालेल्याने ते वाक्य ऐकल्यावर ‘कुटुंब कशाने मोजले?’ असे विचारावे, एवढी अपेक्षा आहे, आणि ती फार मोठी नाही.

दोन वर्षांच्या, चार सेमिस्टरांच्या अभ्यासक्रमाचा सांगाडा सगळीकडे साधारण सारखा असतो. सिद्धान्ताच्या पेपरात मार्क्स, दुर्खाइम, वेबर; त्यांच्यानंतर पार्सन्स, मर्टन आणि पुढे फुको, बूर्द्यू यांच्यापर्यंतचे लोक. भारतीय समाजाच्या पेपरात घुर्ये, श्रीनिवास, लुई द्यूमाँ, ए. आर. देसाई. संशोधन पद्धतीत नमुना निवड, प्रश्नावली, मुलाखत, निरीक्षण आणि थोडे संख्याशास्त्र, ज्याला विद्यार्थी उगीचच घाबरतात. शिवाय निवडीचे विषय : ग्रामीण, नागरी, औद्योगिक, आरोग्य, शिक्षण, लिंगभाव. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० आल्यापासून चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना एका वर्षात एम. ए. करण्याची वाट उघडली आहे. फील्ड प्रोजेक्ट, इंटर्नशिप आणि संशोधन प्रकल्प यांना स्वतंत्र श्रेयांक मिळू लागले, हे चांगले झाले. ते काम खरोखर गावात किंवा वस्तीत होते की झेरॉक्सच्या दुकानात, हे ज्या त्या विभागावर आणि शिक्षकांच्या संख्येवर ठरते.

सिद्धान्ताच्या पेपराची भीती मोठी असते, पण त्याची चव एका उदाहरणानेही लागते. आत्महत्या ही माणसाची अगदी खासगी कृती वाटते. दुर्खाइम यांनी १८९७ साली युरोपातली आकडेवारी घेऊन दाखवले की तिचे प्रमाण वर्षानुवर्षे त्या त्या समाजात बऱ्यापैकी स्थिर असते, आणि माणूस धर्माशी, कुटुंबाशी, समूहाशी किती घट्ट बांधलेला आहे यानुसार ते बदलते. मराठवाडा-विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला हे पुस्तक वाचावेच लागते आणि ते जसेच्या तसे लावून चालत नाही हेही कळावे लागते. कर्ज, कापसाचा भाव आणि पाऊस दुर्खाइम यांच्या तक्त्यांत नाहीत.

वाचनयादी ही निरागस गोष्ट नसते. आंबेडकर यांचा १९१६चा निबंध घुर्ये यांच्या पुस्तकाआधी सोळा वर्षे लिहिलेला. तरी जातीवरच्या पेपरात तो अनेक दशके फारसा दिसत नसे. आंबेडकर राज्यशास्त्राकडे किंवा राजकारणाकडे ढकलले जात आणि जातीचे समाजशास्त्र उच्चवर्णीय अभ्यासकांच्या पुस्तकांतून शिकवले जाई. १९९०नंतर दलित आणि स्त्रीवादी अभ्यासकांनी ही उणीव उघडपणे मांडली. पुणे विद्यापीठातल्या शर्मिला रेगे यांचे काम यात महत्त्वाचे. दलित स्त्रियांची आत्मकथने हा समाजशास्त्राचा पुरावा आहे, असे धरून त्यांनी २००६ साली ‘रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर’ हे पुस्तक केले. २०१३ साली, म्हणजे त्यांच्या निधनाच्याच वर्षी, ब्राह्मणी पितृसत्तेवरील आंबेडकर यांच्या लेखनाचे त्यांनी संपादन केलेले पुस्तक आले. तेव्हापासून तो विद्यार्थिदशेतला निबंध जातीच्या आणि लिंगभावाच्या दोन्ही पेपरांत वाचला जाऊ लागला.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक अडचण असते ती भाषेची. बहुतेक विद्यापीठांत उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, पण मूळ ग्रंथ आणि संशोधनपत्रिका इंग्रजीत. त्यामुळे जिल्ह्याच्या गावातला विद्यार्थी मूळ पुस्तकाऐवजी त्याच्या सारांशाचा सारांश वाचून परीक्षा देतो. मराठीत सामग्री नाही असे नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५चा, म्हणजे मुंबईच्या विभागाआधीचा. बलुतेदार, अलुतेदार, वतन आणि फिरस्ते यांचे इतके बारीक वर्णन नंतरच्या पदवीधर अभ्यासकांनीही थोडेच केले. इरावतीबाईंचे मराठी लेखन, स. मा. गर्गे यांनी संपादित केलेला भारतीय समाजविज्ञान कोश आणि ‘समाज प्रबोधन पत्रिका’ हेही हाताशी आहे. अडचण अशी की संशोधनाचे श्रेय आणि नोकरीतले गुण अजून इंग्रजी प्रकाशनांनाच जास्त.

एम. ए.नंतर अध्यापनात जायचे असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच. डी.ची निदान पोटापाण्याची सोय होते. आधी मधली पायरी म्हणून एम. फिल. होती, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनी ती बंद झाली. त्या नियमांनुसार पीएच. डी.ला किमान तीन आणि साधारण कमाल सहा वर्षे. सुरुवातीला कोर्सवर्क, मग आराखडा, मग क्षेत्रकार्य, मग लेखन आणि बाहेरच्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा. अध्यापनाखेरीज सर्वेक्षण संस्था, स्वयंसेवी संस्था, सार्वजनिक आरोग्याचे प्रकल्प आणि पत्रकारिता यांतही हे पदवीधर जातात, आणि स्पर्धा परीक्षांत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय म्हणून घेणारेही पुष्कळ असतात.

मंजूर झालेल्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत विद्यापीठाने ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात जमा करायची असते. पूर्वी विद्यापीठाच्या ग्रंथालयात कपाटबंद राहणारे प्रबंध त्यामुळे कोणालाही घरबसल्या वाचता येतात. एकाच तालुक्यावर, एकाच विषयावर आधी काय काम झाले आहे हे नवा विद्यार्थी तिथे पाहू शकतो, आणि कोणी कोणाचे प्रकरण उचलले तेही.